लघवीची तीन दिवसांची वही

‘यजमान 66 वर्षांचे. रात्री चार-पाचदा उठतात, धार बारीक झाली आहे. सोनोग्राफीत प्रोस्टेट 42 ग्रॅम आलं. पुढच्या गुरुवारी यूरॉलॉजिस्टकडे जायचंय, पण हे डॉक्टरांसमोर “तसं विशेष काही नाही” म्हणून मोकळे होतात. काय तयारी करू?’ – एक वाचक, सातारा

ताई, 42 ग्रॅमच्या आकड्याने धास्तावू नका. ग्रंथी मोठी म्हणजे त्रास मोठा, असा हिशेब इथे नसतो. 30 ग्रॅमवाल्याची लघवी तुंबते आणि 80 ग्रॅमवाला निवांत झोपतो. म्हणून डॉक्टर लक्षणंच जास्त विचारतील, आणि नेमके तिथेच यजमान गप्प बसतील. तेव्हा एक वही करा.

खुणा असलेलं अर्ध्या लिटरचं प्लास्टिकचं माप बाथरूममध्ये ठेवा. कोणतेही तीन दिवस, पूर्ण चोवीस तास, प्रत्येक वेळची नोंद हवी: ‘रात्री 2.10, 120 मिली, घाई झाली, थोडी गळली.’ शेजारी चहा, ताक, पाणी किती आणि कधी प्यायले तेही. झोपायची आणि उठायची वेळ विसरू नका.

एवढा खटाटोप कशाला, असं ते विचारतीलच. रात्री दर खेपेला 100-150 मिलीच होत असेल, तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही किंवा भरण्याआधीच आकसतं. पण दर खेपेला 350-400 मिली होत असेल, तर रात्री लघवी तयारच जास्त होतेय. मग पायांची सूज, साखर, झोपेतलं घोरणं, संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी यांकडे बघावं लागतं. नुसत्या प्रोस्टेटच्या गोळीने ती उठबस थांबत नाही.

औषधांची नावं पाठ करू नका, स्ट्रिपाच पिशवीत घाला. रक्त पातळ करणारी गोळी आहे का, ते आधी सांगा. सर्दीच्या साध्या गोळीनेही लघवी अडू शकते. तसं कधी झालं असेल तर वहीत लिहा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर तेही बोला, कारण टॅमसुलोसिन या प्रोस्टेटच्या गोळीमुळे त्या ऑपरेशनमध्ये बुबुळ ढिलं पडतं.

पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी असेल तर आधी दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध टाळायचे. नुकतंच लघवीचं इन्फेक्शन झालं असेल तर डॉक्टरांना कळवा, ती तपासणी पुढे ढकलतात.

धारेची मशीनवरची तपासणी हमखास बिघडते ती पाण्यामुळे. लोक दीड लिटर पितात आणि नंबर येईपर्यंत तळमळत बसतात. मूत्राशय असं ताणलं की धार मंदावते आणि मागे राहिलेली लघवीही जास्त दिसते. तासभर आधी दोन ग्लास पुरे. नेहमीसारखी लागली की लगेच सिस्टरना सांगा. निदान 150 मिली व्हायला हवी, नाहीतर आलेखाला अर्थ नाही.

गुदद्वारातून बोटाने तपासतील, मिनिटभरही लागत नाही. पण हे घरीच सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी नकार येतो.

आत तुम्हीही जा, मात्र शेवटची पाच मिनिटं बाहेर बसा. गोळ्यांनी वीर्यपतनात फरक पडतो. ते प्रश्न बायकोसमोर बहुतेकांच्या तोंडून निघत नाहीत.

आणि लघवी पूर्ण थांबून ओटीपोट फुगलं, थंडी वाजून ताप आला किंवा लघवीतून रक्ताच्या गाठी पडल्या, तर गुरुवारची वाट पाहू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.