भारतीय हॉकीचे चाहते म्हणून २०२६ च्या हंगामाकडून तुम्हाला काय आशा आहे आणि कसली काळजी वाटते?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की आजवर फक्त क्रिकेट पाहिलंत, आणि यंदा वर्ल्ड कपच्या निमित्ताने हॉकीही पाहायची आहे. फार चांगलं वर्ष निवडलंत. मी पुण्यातून, लहानपणापासून हॉकी बघतो आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

थोडक्यात सांगायचं तर माझी आशा आणि माझी काळजी एकाच ठिकाणी आहे: सामन्याची शेवटची दहा मिनिटं.

हॉकीत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर असतात. २०२५ च्या जूनमध्ये प्रो लीगसाठी (निवडक देशांच्या संघांची आंतरराष्ट्रीय साखळी स्पर्धा) आपला पुरुष संघ युरोपात गेला आणि ओळीने सात सामने हरला. बातम्यांत ‘दारुण पराभव’ वगैरे आलं, पण निकाल नीट पाहा. नेदरलँड्सविरुद्ध १-२ आणि २-३, अर्जेंटिनाविरुद्ध ३-४ आणि १-२, ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन्ही वेळा २-३. सातातले सहा पराभव एका गोलाने! नेदरलँड्सविरुद्धचे दोन्ही सामने तर शेवटच्या काही मिनिटांत हातातून गेले. त्याच दौऱ्यातल्या शेवटच्या सामन्यात बेल्जियमला आपण ४-३ ने हरवलं. म्हणजे जगातल्या कुठल्याही संघासमोर आपण उभे राहू शकतो, पण पन्नास मिनिटं बरोबरीने खेळून उरलेल्या दहा मिनिटांत काहीतरी निसटतं. कधी दमलेल्या पायांनी उशिरा केलेला टॅकल, कधी उगाच ओढवून घेतलेलं हिरवं कार्ड. त्या कार्डामुळे खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो, आणि अशा वेळी ती दोन मिनिटं फार मोठी असतात.

पॅरिस ऑलिंपिकची उपांत्य फेरी आठवा. जर्मनीविरुद्ध २-२ बरोबरी होती आणि ५४ व्या मिनिटाला त्यांनी तिसरा गोल केला. आपण ब्राँझ जिंकलं, त्याचा आनंद मला आजही आहे. पण तो ५४ वा मिनिट मी विसरू शकलेलो नाही.

आता पेनल्टी कॉर्नर. नव्या प्रेक्षकाने सगळ्यात आधी हा प्रकार समजून घ्यावा. डीमध्ये, म्हणजे गोलसमोर आखलेल्या अर्धवर्तुळात, बचाव करणाऱ्याकडून फाउल झाला की कॉर्नर मिळतो. बचावाला गोलरक्षक धरून फक्त पाच जण. गोलरेषेवरून चेंडू आत ढकलला जातो, डीच्या टोकावर तो अडवला जातो, आणि ड्रॅग फ्लिक करणारा तो स्टिकवरून ओढत गोलात भिरकावतो. सरळ फटका मारला तर चेंडू गोलच्या फळीच्या उंचीच्या आत, म्हणजे जेमतेम दीड फुटाच्या खाली, ठेवावा लागतो. फ्लिकला ते बंधन नाही, म्हणून तो इतका घातक. आपला कर्णधार हरमनप्रीत सिंग यात जगातल्या सर्वोत्तमांपैकी आहे. पॅरिसमध्ये त्याने दहा गोल केले, स्पर्धेतले सर्वाधिक. ब्राँझच्या सामन्यात स्पेनविरुद्ध २-१ जिंकलो, ते दोन्ही गोल त्याचेच होते.

आणि नेमकी इथेच माझी दुसरी चिंता आहे. हरमनप्रीत दुखापतीमुळे बाहेर गेला किंवा समोरच्यांनी त्याला ओळखून ठेवलं, तर काय? जुगराज सिंग आहे, अमित रोहिदास आहे. पण मोठ्या सामन्यात कॉर्नर मिळाला की सगळ्यांचे डोळे अजून एकाच माणसाकडे वळतात. मैदानी गोल, म्हणजे कॉर्नरशिवाय चालू खेळात केलेले गोल, वाढले पाहिजेत. प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांचा भर आधी बचाव, मग प्रतिहल्ला यावर आहे. मला ते पटतं, आशिया कप तसाच जिंकला. सप्टेंबर २०२५ मध्ये बिहारमधल्या राजगीरला कोरियाला ४-१ हरवून आपण वर्ल्ड कपचं तिकीट मिळवलं. पण युरोपातले संघ चेंडू स्वतःकडे ठेवून आपल्याला पळवतात, आणि मग पुन्हा तीच शेवटची दहा मिनिटं येतात.

गोलरक्षकाचंही सांगायला हवं. श्रीजेशने पॅरिसनंतर हॉकी सोडली. क्रिशन पाठक चांगला आहे, मुंबईचा सूरज करकेराही आहे. दोघांच्या झेपेबद्दल मला शंका नाही. श्रीजेश मागून ओरडून अख्खी बचावफळी हलवायचा, तो आवाज अजून कुणाचा झालेला नाही. तो आवाज ऑगस्टमधल्या वर्ल्ड कपपर्यंत सापडावा, ही माझी यंदाची मोठी इच्छा.

ज्यावर मी सगळ्यात जास्त विसंबून आहे ती आशा म्हणजे ज्युनियर मुलं. डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नईत ज्युनियर वर्ल्ड कपच्या ब्राँझसाठी अर्जेंटिनाविरुद्ध ही पोरं ०-२ मागे होती आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये चार गोल करून ४-२ जिंकली. सीनियर संघाला जिथे जमत नाही, नेमकं तिथे! त्याआधी उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमविरुद्धच्या शूटआउटमध्ये (बरोबरी झाली की एकेक खेळाडू एकट्या गोलरक्षकासमोर गोल करायचा प्रयत्न करतो) गोलरक्षक प्रिन्सदीप सिंगने सामना वाचवला होता. आणि या संघाचा प्रशिक्षक कोण, तर श्रीजेश. या मुलांपैकी दोघा-तिघांना प्रो लीगमध्ये पूर्ण सामने खेळवावेत असं मला मनापासून वाटतं. शेवटची पाच मिनिटं मैदानात उतरवून ती शिकणार नाहीत.

वेळापत्रकाची भीती वेगळीच. वर्ल्ड कप ऑगस्टच्या उत्तरार्धात, बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये. आणि १९ सप्टेंबरपासून जपानमध्ये आशियाई स्पर्धा, जिथल्या सुवर्णपदकाने थेट लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं तिकीट मिळतं. मध्ये तीन आठवडेसुद्धा नाहीत. वर्ल्ड कपमध्ये आपण १९७५ नंतर एकदाही उपांत्य फेरी गाठलेली नाही. २०१८ ला भुवनेश्वरमध्ये नेदरलँड्सकडून उपांत्यपूर्व फेरीत १-२ हरलो, २०२३ ला न्यूझीलंडकडून शूटआउटमध्ये हरून त्या फेरीतही पोहोचलो नाही. त्यामुळे यंदा कुणी ‘आशियाई स्पर्धा महत्त्वाची, वर्ल्ड कपला खेळाडू राखून ठेवू’ असा हिशेब केला, तर मला फार वाईट वाटेल. पन्नास वर्षं झाली त्या कपला. दोन्हींसाठी पुरतील इतके खेळाडू तयार करणं हेच या हंगामाचं खरं काम आहे.

हॉकी इंडिया लीगपासून बघायला सुरुवात करा. २०२६ च्या जानेवारीत तिचे सामने चेन्नई, रांची, भुवनेश्वरला झाले. महाराष्ट्राचा एकही संघ त्यात नव्हता, याची मला खंत आहे. जुन्या लीगमध्ये मुंबई २०१७ च्या अंतिम सामन्यापर्यंत गेली होती. ज्या खडकीने धनराज पिल्ले दिला, जिथे आजही मुलं स्टिक खांद्यावर टाकून मैदानावर जातात, तिथल्या पोरांना आपला म्हणावा असा संघ टीव्हीवर दिसत नाही. चार ऑलिंपिक आणि चार वर्ल्ड कप खेळलेला माणूस या मातीतला आहे हे त्यांना सांगायला मग आम्हीच उरतो.

आणि महिला संघाला विसरू नका. त्यांची वाट जास्त खडतर आहे. २०२५ मध्ये प्रो लीगमध्ये शेवटचा क्रमांक येऊन त्या बाहेर पडल्या, आशिया कपच्या अंतिम सामन्यात चीनकडून १-४ हरल्या, त्यामुळे वर्ल्ड कपला थेट प्रवेश नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये याच संघाला चौथ्या क्रमांकापर्यंत नेणारे शोर्ड मारिन पुन्हा प्रशिक्षक झालेत, ही मोठी दिलाशाची गोष्ट. माझा जीव यात जास्त अडकलाय, कारण वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ, अक्षता ढेकळे या भारताकडून खेळलेल्या तिघीही आपल्या सातारा जिल्ह्यातल्या. मार्च २०२६ मध्ये हैदराबादला वर्ल्ड कपची पात्रता स्पर्धा आहे. पुण्याहून रात्रीच्या गाडीने सहज जाता येतं, मी जाणार आहे. तुम्हाला पहिला हॉकी सामना मैदानात बसून बघायचा असेल तर तिथेच या, आणि चौथा क्वार्टर संपेपर्यंत उठू नका.