तुळजापूरच्या सायकल राइडला पहिल्यांदा येतोयस ना?

हे बघ, सोलापूर ते तुळजापूर जेमतेम 45 किलोमीटर. पाय दुखतील, पण त्याचं कौतुक नंतर. आधी फाट्यावर झेंडी घेऊन उभा असलेला माणूस बघ. तू चहा पीत होतास तेव्हापासून तो तिथंच आहे, आणि आज त्याची स्वतःची सायकल घरीच. जाताना नुसतं "थँक्यू" ओरडू नकोस, वळायच्या आधी हात दाखव. त्याचं निम्मं काम तिथंच होतं. केळ्याचं साल पोत्यातच टाक. सगळ्यात मागं, पंक्चरवाल्यांसोबत रखडत येतो त्याच्यासाठी शेंगाचटणी-भाकरी बाजूला काढून ठेव. मागच्या खेपेला मीच संपवली होती, अजून टोमणे खातोय! आणि नाव वेळेवर नोंदव रे, पाण्याचे जार त्या आकड्यावर येतात.