वाचक विचारतात : गुन्हा रक्तात, मनात की वस्तीत?

प्रश्न : एम.ए. समाजशास्त्राची परीक्षा मी बाहेरून देते. ‘गुन्हेगारीच्या जैविक, मानसशास्त्रीय व समाजशास्त्रीय उपपत्तींचे मूल्यमापन करा’ या प्रश्नाला प्रत्येकीचे गुणदोष लिहिते, तरी गुण कमीच पडतात. चुकतं कुठे?
— एक विद्यार्थिनी, राजापूर

उत्तर : गुणदोषांची यादी म्हणजे मूल्यमापन नव्हे. प्रत्येक उपपत्तीला, म्हणजे गुन्हा का घडतो याच्या स्पष्टीकरणाला, तेच चार प्रश्न विचारा. ती नेमका कोणता गुन्हा समजावते? तुलना कोणाशी केली? मोजलं कोणी आणि कसं? आणि तेच कारण हजर असूनही ज्यांनी गुन्हा केला नाही, त्यांचं काय? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत जड जातो.

लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरने १८७६ मध्ये ‘जन्मजात गुन्हेगार’ मांडला आणि तो जबडा, कान, कपाळ यांवरून ओळखता येतो असं म्हटलं. खोट तुलनेत होती. तुरुंगाबाहेरच्या माणसांची मापं त्याने नीट ताडलीच नव्हती. इंग्लंडमधले तुरुंगाचे डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे ३००० कैद्यांची मापं सैनिक, विद्यार्थी अशा गटांशी ताडून १९१३ मध्ये निष्कर्ष छापले. गुन्हेगाराचा वेगळा चेहरा काही सापडला नाही. इथे बहुतेक जण पूर्णविराम देतात. तुम्ही पुढचंही लिहा : गोरिंग यांना कैदी उंचीने आणि वजनाने कमी आढळले होते आणि आनुवंशिकतेवर त्यांचा स्वतःचा भरवसा दांडगा होता. म्हणजे लोम्ब्रोसो पडला, जैविक विचार पडला नाही.

मानसशास्त्रात ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा १९४४ चा अभ्यास घ्या. त्यांच्या दवाखान्यात आलेली चोरी करणारी ४४ मुलं आणि तिथलीच चोरी न करणारी ४४ मुलं. चोरांपैकी १४ जणांना त्यांनी ‘माया नसलेली’ (इतरांबद्दल आपुलकीच न वाटणारी) ठरवलं, त्यातली १२ लहानपणी आईपासून दीर्घकाळ दुरावलेली निघाली. आकडा बोलका आहे, पण निदान करणारे आणि मुलाखती घेणारे बोल्बी स्वतःच, आणि माहिती पालकांच्या आठवणींवर उभी. शिवाय दुराव्यामागे गरिबी, आजारपण, घरातली भांडणंही असू शकतात. ती वेगळी काढलेली नाहीत.

समाजशास्त्राच्या बाजूने अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मर्टन यांचा १९३८ चा विचार आपल्याकडे सहज पटतो. समाज ध्येयं सगळ्यांना सारखीच दाखवतो, तिथवर जायच्या वाटा मात्र सारख्या देत नाही. चाकरमान्यांच्या गावात घराची-गाडीची स्वप्नं मुंबईची असतात आणि मजुरी गावची. पण मग एकाच घरातल्या दोन भावांपैकी एकच गोव्याची दारू चोरून का आणतो? आणि तितक्याच तंगीत राहणाऱ्या त्यांच्या बहिणी गुन्ह्यांच्या आकड्यांत इतक्या कमी का? मर्टन यावर गप्प आहेत. वस्ती-वस्तीतला आणि काळा-काळातला फरक त्यांना समजावता येतो, माणसा-माणसातला नाही. तो भाग मानसशास्त्राचा. कोणती उपपत्ती कोणत्या पातळीवर चालते हे स्पष्ट लिहिलंत की निम्मं उत्तर झालं.

एक सावधगिरी. पोलिसांचे आकडे म्हणजे नोंदवलेले गुन्हे. तक्रार सहज घेतली जाते तिथे गुन्ह्यांचा दर चढा दिसतो. केरळचा दर उंच दिसण्यात याचा मोठा वाटा मानला जातो.

प्रश्न : मुलीसाठी चांगलं स्थळ आलंय. मुलगा नोकरीत आहे, पण वडिलांनी चोरीबद्दल शिक्षा भोगली आहे. नातेवाईक म्हणतात, ‘खाण तशी माती’. शास्त्र काय म्हणतं?
— एक आई, गुहागर

उत्तर : डेन्मार्कमधल्या १४,४२७ दत्तक व्यक्तींचा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले मुलगे पाहा. जन्मदाते आणि दत्तक पालक दोघेही निर्दोष, तर १३.५ टक्के मुलग्यांना शिक्षा झालेली. फक्त जन्मदात्यांना शिक्षा झालेली असेल, तर २० टक्के. वारशाचा धागा आहे, नाही म्हणता येत नाही. पण त्या गटातले १०० पैकी ८० सरळच राहिले. हा संबंध मालमत्तेच्या गुन्ह्यांत दिसला, हिंसक गुन्ह्यांत ठामपणे दिसला नाही. आणि दत्तक घरं निवडताना घराण्याची पत पाहिली जाई, म्हणून एवढा फरकही निव्वळ रक्ताचा धरू नये, असा आक्षेप आहे.

‘खाण तशी माती’ हे एकेकाळी सरकारी धोरणच होतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मावरून गुन्हेगार ठरवल्या, त्यांना पोलिसांकडे हजेरी लावायला भाग पाडलं. कायदा रद्द झाला १९५२ मध्ये, शिक्का अजून पुसला नाही. शिक्का बसला की काम मिळत नाही, आणि मग तोच शिक्का ‘खरा’ ठरतो.

तुम्ही मुलाकडे पाहा. वय काय, नोकरी किती वर्षं टिकून आहे, दारू, राग, बसण्या-उठण्यातली माणसं कोण. बहुतेकांची गुन्हेगारी ऐन तारुण्यात शिगेला पोचते आणि पुढे ओसरते. लहानपणीच सुरू होऊन तिशीनंतरही टिकणारी फार थोड्यांची. मुलगा तिशीजवळ येऊन स्थिर असेल, तर त्याचा स्वतःचा इतिहास वडिलांच्या इतिहासापेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

प्रश्न : आमच्याकडे एलईडी दिवे लावून बेकायदा मासेमारी करणारे बोटमालक चांगले सधन आहेत. मग गरिबीतून गुन्हा हे कसं मानायचं?
— एक मच्छीमार, देवगड

उत्तर : इथे मानू नकाच. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सदरलँड यांनी १९३९ मध्येच प्रतिष्ठितांच्या गुन्ह्यांकडे बोट दाखवून हाच आक्षेप घेतला होता. त्यांच्या मते गुन्हा जवळच्या माणसांत शिकला जातो : आधी तंत्र (जनरेटर, दिव्यांची बोट, गस्त टाळण्याच्या वेळा), आणि सोबत समर्थन. ‘परराज्यातले करतात, मग आम्ही का नाही?’, ‘दंड धंद्याच्या खर्चात धरलाय’. सायक्स आणि मात्झा या अमेरिकन अभ्यासकांनी १९५७ मध्ये अशा सबबींची वर्गवारी केली. कच्चा दुवा एकच : सबब आधी सुचली की पकडल्यावर, हे नंतरच्या मुलाखतीतून कळत नाही.

तुमच्या कामाचं एवढंच : दंडाच्या आकड्यापेक्षा पकडलं जाण्याची खात्री जास्त धाक घालते. निवेदनात दंडवाढीबरोबर रात्रीच्या गस्ती मागा, आणि तक्रारीत तारीख, वेळ, ठिकाण व बोटीचा नोंदणी क्रमांक लिहा.