चासी, चाकांच्या कमानी आणि गंज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी पिकअप नऊ वर्षांची आहे. आधीच्या मालकाने चासीवर काळे, जाड अंडरकोटिंग मारून घेतले होते. आता मागच्या चाकांजवळ त्याचे पापुद्रे सुटू लागले आहेत. खालून पाण्याचा फवारा मारून त्यावरच आणखी एक थर द्यावा, असा सल्ला गॅरेजमधून मिळाला. तसे करावे का?

उत्तर : करू नये. चासी वाचवण्याच्या हेतूने केलेले हेच काम ती लवकर संपवते, म्हणून इतके स्पष्ट लिहीत आहे. डांबर किंवा रबर असलेला जाड थर ताजा असताना खडीचा मारा उत्तम झेलतो. परंतु वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि थंडीने तो ताठर होतो, त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि त्यांतून आत शिरलेले पाणी थर व पोलाद यांच्यामध्ये अडकून बसते. गंज धरायला पाणी आणि प्राणवायू पुरेसे असतात. त्या पाण्यात रस्त्यावरचे किंवा समुद्राच्या हवेतले मीठ मिसळले, की त्याची विद्युतवाहकता वाढते आणि गंजण्याचा वेग वाढतो. झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा किमान दुप्पट जागा व्यापतो, त्यामुळे तो वरचा थर आतून उचलून धरतो. आपल्याला पापुद्रे सुटलेले दिसतात, म्हणजे त्यांच्याखाली गंज बराच पुढे गेला आहे. नव्या थराने तो झाकला जाईल आणि पुढची काही वर्षे कोणाच्याही नजरेस पडणार नाही.

म्हणून पहिले काम उघडे करण्याचे. गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्यावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून अटकाव लावावा, आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. भार स्टँडवर उतरवल्यावरच खाली जावे. पाण्याने चिखल आणि मीठ धुऊन काढावे. मात्र दाबाच्या फवाऱ्याचे तोंड बेअरिंगच्या सीलवर आणि वायरिंगच्या जोडण्यांवर रोखू नये. नंतर गाडी पूर्ण वाळू द्यावी. पट्ट्यांच्या सांध्यांत आणि वळलेल्या कडांमध्ये ओल दिसत नसली, तरी दीर्घकाळ टिकते, म्हणून मी स्वतः किमान दोन कोरडे दिवस मोकळे ठेवतो.

वाळल्यावर सुटलेला थर पत्र्याच्या खरवडणीने, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढावा. घट्ट चिकटलेला थर उगाच उकरू नये. डोळ्यांना चष्मा आणि नाका-तोंडाला धूळ अडवणारा मास्क हवाच. खरवडताना छोट्या हातोडीने चासी हलकेच ठोकत जावे. सशक्त पोलाद खणखणीत आवाज देते. बद्द आवाज आला किंवा पोपडे गळाले, तर तिथे टोकदार अवजार दाबून पाहावे. ते आत शिरले, तर रंगकाम थांबवून पुढे चासीला पडलेल्या भोकाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर वाचावे.

खरवडूनही खळग्यांत घट्ट बसलेला पातळ गंज उरतोच. त्यावर गंज-रूपांतरक लावता येतो. त्यातले टॅनिक आम्ल गंजाशी संयोग पावून काळसर, स्थिर संयुग बनवते, तर फॉस्फोरिक आम्लाने लोहाचे फॉस्फेट तयार होते. सुट्या पोपड्यांवर त्याचा काही उपयोग नाही, आणि चकचकीत झालेल्या पोलादावर त्याची गरज नाही. याउलट जस्तयुक्त प्रायमर थेट उघड्या पोलादावरच काम करतो, कारण जस्ताने लोखंडाऐवजी स्वतः झिजायचे असेल, तर दोघांचा प्रत्यक्ष स्पर्श हवा. ही गल्लत मी अनेकदा पाहिली आहे : रूपांतरकावर जस्ताचा प्रायमर मारून दोन्हींचा खर्च वाया घालवला जातो. रूपांतरक वापरला असेल, तर तो वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर चासीसाठीचा टणक रंग द्यावा. मात्र रूपांतरकाच्या डब्यावर कोणता प्रायमर चालतो, ते आधी वाचावे. रंग देताना हवेतील आर्द्रता 85 टक्क्यांहून कमी आणि पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंश सेल्सियस अधिक असावे, अन्यथा न दिसणाऱ्या दवावर रंग बसतो आणि तसाच सुटतो.

एवढ्याने बाहेरची बाजू झाली. अनेक पिकअपची चासी काही भागांत बंद पेटीसारखी असते, आणि तशी चासी बहुधा आतून कुजते. तिच्या छिद्रांतून लांब, लवचीक नळी आत घालून, टोकाच्या नोझलने चहूबाजूंना मेणयुक्त द्रव फवारावा. हा द्रव टणक होत नाही, सांध्यांत झिरपतो आणि ओरखडा आला तरी भेगाळत नाही. लोकरीच्या चरबीपासून केलेले लॅनोलिनयुक्त फवारेही चांगले आहेत. पण चाकांच्या माऱ्यात ते धुपतात, म्हणून दरवर्षी तपासून पुन्हा द्यावे लागतात. मला हा त्यांचा दोष वाटत नाही, कारण त्या निमित्ताने वर्षातून एकदा चासी डोळ्यांखालून जाते. काम झाल्यावर पाणी निचरण्याची छिद्रे तारेने मोकळी करावीत. ब्रेकच्या डिस्क, पॅड आणि कॅलिपर, सायलेन्सर व त्याचे नळ, सेन्सर, डिफरन्शियलचा श्वासमार्ग आणि रबरी बुश फवाऱ्यापूर्वी झाकून घ्यावेत. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते.

प्रश्न : चाकांच्या कमानींत बसवलेले प्लास्टिकचे लायनर चिखल धरून ठेवतात. ते कायमचे काढून आतली बाजू रंगवून घेतली, तर स्वच्छता सोपी होईल का?

उत्तर : सोपी होईल, पण लायनरवर आज बसणारी खडी उद्या थेट पत्र्यावर आणि त्यामागच्या वायरिंगवर बसेल. आपले निरीक्षण मात्र अगदी योग्य आहे. कमानीच्या कडेला पत्रा आत वळवलेला असतो. त्या वळणात आणि लायनरच्या मागे साचलेली माती ओल्या फडक्यासारखी दिवसेंदिवस ओली राहते, म्हणूनच मागच्या चाकांवरचा पत्रा बाहेरून फुगलेला दिसतो, तेव्हा आतून तो बहुधा सडून गेलेला असतो. वर्षातून एक-दोनदा क्लिपा काढून लायनर उतरवावेत, मागची माती बोटांनी आणि मऊ ब्रशने काढावी, साध्या नळाच्या पाण्याने धुवावे, वाळू द्यावे आणि वळलेल्या कडेत मेणाचा फवारा देऊन लायनर परत बसवावेत. क्लिपा तुटतातच, म्हणून आधीच जास्तीच्या आणून ठेवाव्यात. चाक काढले असेल, तर नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळावेत आणि काही दिवस चालवल्यावर पुन्हा तपासावेत.

प्रश्न : मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ, म्हणजे पाटा जिथे चासीला जोडलेला असतो तिथे, चासीला बोटाचे टोक जाईल एवढे भोक पडले आहे. पत्रा वेल्ड करून घेतला तर पुरेल का?

उत्तर : निर्णय होईपर्यंत हौद्यात माल भरू नका. हँगरच्या जागी मागच्या धुऱ्याचा भार चासीवर येतो. भोकाच्या कडेचे पोलाद आतून पातळ झालेले असते आणि पातळ पोलादावर वेल्ड टिकत नाही, शिवाय चासीत उच्च ताकदीचे पोलाद वापरलेले असल्यास वेल्डच्या उष्णतेने त्याची ताकद बदलते. भोकाभोवतीची जाडी ध्वनिलहरींच्या मापकाने मोजून घ्यावी, आणि उत्पादकाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत त्या जागी वेल्ड करायला मुभा आहे का, हे त्या कामाच्या जाणकाराकडून तपासून घ्यावे. मुभा असेल, तर बॅटरी सोडवून, जवळच्या इंधनाच्या नळ्या हलवून आणि आतले मेण काढून टाकूनच काम व्हावे, कारण मेण पेटते. वेल्डच्या उष्णतेने आतली संरक्षक बाजू जळून गेलेली असते, म्हणून काम थंड झाल्यावर तिथे पुन्हा मेण द्यावे. आणि आजच दुसऱ्या बाजूची तीच जागा हातोडीने ठोकून पाहा. दोन्ही बाजूंना सारखाच चिखल लागतो.

प्रश्न : नव्या पिकअपला नंतर जोडलेल्या दिव्यांच्या वायरी चासीखाली लोंबतात. त्या ब्रेकच्या नळीला बांधून नीटनेटक्या केल्या तर चालेल का?

उत्तर : ब्रेकच्या किंवा इंधनाच्या नळीला काहीही बांधू नये. बंधन हलत राहते, त्याखाली पाणी आणि माती धरते आणि नळीवरचे संरक्षण घासून जाते. वायरी पन्हाळीदार प्लास्टिकच्या नळीत घालाव्यात, सायलेन्सरपासून दूर ठेवाव्यात आणि चासीवर आधीपासून असलेल्या छिद्रांत क्लिप बसवून धराव्यात. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीत नवीन छिद्र पाडू नये, कारण वाकवणारा ताण तिथेच सर्वाधिक असतो. जुनी छिद्रे पुरत नसतील, तर दोन छिद्रांमध्ये पट्टी टाकून तिच्यावर क्लिप लावता येते.