मनगटावरच्या फिटनेस बँडचा कोणता आकडा खरा मानायचा?

तुम्ही लिहिलंय की मैत्रीण आणि तुम्ही एकाच वाटेनं, एकाच वेळी चार किलोमीटर चाललात. तिच्या बँडवर ६,१०० पावलं आली आणि तुमच्या बँडवर ५,४००. आता कोणाचा बँड चुकतोय, आकड्यांवर कितपत विसंबायचं आणि ही वस्तू दिवसरात्र हातावर ठेवणं जमतं का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर : बहुधा कोणाचाच चुकत नाहीये. मैत्रीण तुमच्यापेक्षा उंचीनं कमी आहे का? चार किलोमीटरला ६,१०० पावलं म्हणजे एक पाऊल साधारण ६६ सेंटिमीटरचं, आणि ५,४०० म्हणजे ७४ सेंटिमीटरचं. दोन माणसांच्या चालीत एवढा फरक सहज असतो. खात्री करायची असेल तर पुन्हा त्याच वाटेनं जा, फक्त बँड एकमेकांचे घाला. ५,४०० च्या आसपासचा आकडा तुमच्याकडेच राहिला तर फरक चालीचा. बँडबरोबर तो तिच्याकडे गेला तर फरक बँडचा.

मी माझा बँड दोन महिने असाच तपासत होते. आधी आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि घरात एक प्रसंग घडल्यावर तपासायला घेतला. तो पुढे सांगते. तपासायला फार काही लागत नाही : खिशात पाच खडे, नाडीवर दोन बोटं, मोजलेलं मैदान. ठोके मोजणारा, छातीला बांधायचा पट्टा मिळाला तर उत्तमच, मला तो एका धावणाऱ्या मैत्रिणीनं महिनाभर वापरायला दिला.

पावलांपासून सुरुवात करते. मनातल्या मनात मोजत चालायचं आणि दर शंभर पावलांना एक खडा एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकायचा. पाच खडे झाले की ५०० पावलं. हात मोकळे सोडून नेहमीच्या वेगानं चालले तेव्हा बँडनं एकदा ४९६ दाखवली, एकदा ५०३. याहून जास्त अचूकपणा कोणाला हवा आहे! मग तेवढीच पावलं मी सामानाची ढकलगाडी दोन्ही हातांनी धरून चालले. आकडा आला २१२. बँड पाय पाहतच नाही. त्याच्या आत हालचाल ओळखणारा एक बारीकसा सेन्सर असतो, तो हाताचा झोका पकडतो आणि त्या झोक्यात चालण्याची लय सापडली की पाऊल धरतो. हात दांड्यावर स्थिर, तर पाऊल नाही. उलट जोरात टाळ्या वाजवा, केर काढा, हातवारे करत बोला, बसल्या जागी पावलं वाढतात. शिवाय बरेच बँड सलग काही पावलं पडेपर्यंत मोजणीच सुरू करत नाहीत. त्यामुळे या खोलीतून त्या खोलीत केलेल्या बारीकसारीक फेऱ्या त्यांच्या हिशेबात धड येत नाहीत.

तो प्रसंग इथलाच. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती वॉकर धरून चालायला लागली होती. तिला हुरूप यावा म्हणून मी माझा बँड तिच्या हातावर बांधला. भिंतीच्या कडेकडेनं, दर चार पावलांना थांबत, तिनं पॅसेजच्या सहा फेऱ्या केल्या. कपाळावर घाम आला होता. खुर्चीत बसून तिनं मनगट माझ्यासमोर धरलं. पडद्यावर शून्य. "अगं, मी चालले ते याला दिसलंच नाही का?" असं म्हणाली आणि बँड काढून टेबलावर ठेवला. मला फार वाईट वाटलं, कारण त्या सहा फेऱ्यांची किंमत मी डोळ्यांनी पाहिली होती. दुसऱ्या दिवशी तोच बँड तिच्या घोट्यावर, मोज्याच्या आत बसवला आणि पावलं दिसायला लागली. पूर्ण नाही, पण बरीचशी. तुमच्या घरात कोणी काठी, वॉकर किंवा बाळाची गाडी धरून चालत असेल तर एवढं नक्की करा.

आता नाडी. बँडच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो तो त्वचेखालच्या रक्तावर पडतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्यासरशी मनगटात रक्त वाढलं की प्रकाश कमी परततो, ओसरलं की जास्त. या चढउतारावरून ठोके मोजले जातात. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेतच पकडतो, म्हणून त्याच्याशी ताडून पाहायचं. पट्टा नसेल तर अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. शांत बसून मी दहा वेळा मोजले, दर वेळी फरक एक-दोन ठोक्यांचाच आला.

धावताना मात्र एक वेगळीच चूक सापडली. हलक्या वेगात पळत होते, शेजारच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यांत बोलत होते आणि बँड दाखवत होता १७२. छातीचा पट्टा म्हणत होता १३८. दोन-तीन वेळा असंच झाल्यावर मी पावलं मोजली : मिनिटाला १७२. बँड माझ्या ठोक्यांऐवजी पावलांची लय मोजत होता! मनगटावरचा पट्टा सैल असला की प्रत्येक पावलाला बँड त्वचेवर हिंदकळतो, त्या हिंदकळण्याचाही प्रकाशावर परिणाम होतो, आणि आतल्या हिशेबाला दोन्हींतला फरक कळेनासा होतो. धावणाऱ्यांमध्ये ही चूक चांगलीच परिचयाची आहे. ओळखायची खूण सोपी : आकडा एकदम वर जातो, १६० ते १८० च्या मध्ये चिकटून बसतो आणि तुमचा श्वास काही तेवढा लागलेला नसतो.

यावर उपाय आहे. व्यायामाच्या वेळी बँड मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवा आणि एक भोक आवळा. हलवला तर त्वचेसकट हलला पाहिजे, पण बोटांना मुंग्या यायला नकोत. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आधी पाच-दहा मिनिटं अंग गरम करा. मनगटावर गडद गोंदण असेल तर दुसऱ्या हातावर घाला, शाई प्रकाश अडवते. एवढं करूनही वजन उचलताना किंवा सायकलचं हँडल घट्ट धरल्यावर माझा बँड गोंधळायचाच. आणि जोरात-हळू, जोरात-हळू असं पळताना तो खऱ्या आकड्याच्या मागे रेंगाळायचा. तुमचा सगळा व्यायाम असाच असेल तर छातीचा पट्टा घ्या, मनगटाकडून ती अपेक्षा ठेवू नका.

कॅलरींच्या आकड्यावर मी अजिबात विसंबत नाही, आणि तुम्हीही त्यावर जेवणाचा हिशेब मांडू नका अशी कळकळीची विनंती आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६० लोकांवर मनगटावरची ७ उपकरणं तपासली होती. ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहा उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. खर्च झालेल्या ऊर्जेच्या बाबतीत मात्र एकही धड उतरलं नाही : सगळ्यांत चांगल्याची चूक सरासरी २७ टक्के, सगळ्यांत वाईटाची ९३ टक्के. उपकरणं तेव्हापासून बदलली, पण मूळ अडचण तीच आहे. कॅलरी बँड मोजत नाही, अंदाजानं काढतो. वय, वजन, उंची, लिंग, ठोके आणि हालचाल घालून सूत्रातून आकडा येतो. मी एकदा अ‍ॅपमध्ये स्वतःचं वजन मुद्दाम १० किलोनं वाढवून तीच वाट त्याच वेळात चालून पाहिली. आकडा लगेच वाढला. शरीर तेच, वाट तीच! आणखी एक गोष्ट तपासा : कित्येक अ‍ॅपमध्ये दिसणारा मोठा आकडा दिवसभराच्या एकूण खर्चाचा असतो, त्यात नुसतं श्वास घेत पडून राहिल्यावर खर्च होणारी ऊर्जाही धरलेली असते. ती सगळी व्यायामाची कमाई समजून लोक फसतात.

अंतराचं थोडक्यात. बँडमध्ये जीपीएस नसेल आणि फोनही सोबत नसेल तर तो पावलं गुणिले पावलाची लांबी एवढंच करतो. ४०० मीटरच्या ट्रॅकवर सगळ्यांत आतल्या लेनमधून ५ फेऱ्या मारा, २,००० मीटर होतात. माझ्या बँडनं २,१८० दाखवले. मोजलेल्या अंतरावर १०० पावलं चालून माझ्या पावलाची खरी लांबी काढली, ती अ‍ॅपमध्ये भरली, पुढच्या वेळी २,०३० आले.

झोपेबद्दल. कधी झोपलात आणि कधी उठलात हे बँड बऱ्यापैकी सांगतो. पण गाढ झोप इतकी मिनिटं, स्वप्नांची झोप इतकी मिनिटं, हे तपशील अंदाजाचे. प्रयोगशाळेत झोपेचे टप्पे ओळखायला डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, स्नायूंचा ताण नोंदवतात. मनगटावर यातलं काहीच नसतं. आईच्या काळजीनं एका रात्री मी दीड तास छताकडे बघत निश्चल पडून होते. सकाळी बँडनं तो सगळा वेळ हलक्या झोपेत जमा केला होता. म्हणून सकाळी उठल्यावर आधी अंगाला विचारा, ताजंतवानं वाटतंय का. आकडा त्यानंतर बघा.

रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडाही तसाच. पट्टा जरा सैल, हात जरा गार, की तो खाली येतो. एक मात्र अगदी गंभीरपणे सांगते : छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, भोवळ येत असेल तर बँडवर सगळं ठीक दिसत असलं तरी थेट डॉक्टरांकडे जा.

मग इतक्या चुका असूनही मी तो का घालते? कारण तोच बँड, त्याच हातावर, तशाच पद्धतीनं रोज घातला की त्याची चूकही साधारण तेवढीच राहते आणि बदल मात्र खरा दिसतो. मला सगळ्यांत उपयोगी पडलेला आकडा म्हणजे विश्रांतीच्या वेळचे ठोके. माझे आठवडेच्या आठवडे ५८ ते ६० असतात. एकदा सलग दोन दिवस ६७ दिसले, अंगात काहीच जाणवत नव्हतं, तिसऱ्या दिवशी ताप भरला. ताप नसतानाही जागरण किंवा अतिश्रम झाले की ते वाढतात. असे दिवस दिसले की मी पळायला जात नाही, विश्रांती घेते. तुम्हीही पहिले दोन-तीन आठवडे फक्त नोंद होऊ द्या. तुमचं नेहमीचं काय हे कळल्याशिवाय वेगळं काय हे कळणार नाही.

रोजच्या वापरात त्रास होतो तो भलत्याच गोष्टींचा. पट्ट्याखाली साबण आणि घाम साचून त्वचा लाल होते, म्हणून रोज पट्टा धुवायचा, मनगट पूर्ण कोरडं करायचं, मगच घालायचा. रात्री एक भोक सैल. चार्जिंगची वेळ ठरवून टाका, मी आंघोळीला जाताना लावते, नाहीतर नेमका झोपताना संपतो. ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, म्हणून निदान एक खरं बटण असलेला बँड बरा. उन्हात पडदा वाचता येतो का हे दुकानाच्या दिव्याखाली कळत नाही, दारात येऊन बघा. प्रत्येक मेसेजला मनगट थरथरायला लागलं की चार दिवसांत कंटाळून बँड कपाटात जातो. मी फोन कॉल सोडून सगळ्या सूचना बंद केल्या. आणि कधी दिवसभराची नोंदच गायब झाली तर आधी फोनची बॅटरी बचत तपासा, ती बँडचं अ‍ॅप परस्पर बंद करते. कोणत्या हातावर घालता हेही अ‍ॅपमध्ये नीट भरा. लिहायचा हात जास्त हलतो, म्हणून शक्यतो दुसऱ्या हातावर घाला.

शेवटी १०,००० पावलांचं, कारण बँड सुरू केल्याबरोबर बहुतेक वेळा तेच लक्ष्य समोर येतं. हा आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नाव मान्पो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. तिथून तो जगभर पसरला. २०१९ मध्ये १६,००० हून जास्त वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांचं सरासरी वय ७२. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं, आणि हा फायदा ७,५०० च्या आसपास स्थिरावला. तेव्हा अ‍ॅपमधलं लक्ष्य बदला. आठवडाभर नेहमीसारखं चाला, सरासरी काढा, त्यात थोडी भर घाला.

आईसाठी मी असंच केलं. घोट्यावरच्या बँडची तिची आठवड्याची सरासरी ८०० च्या आतबाहेर होती, म्हणून लक्ष्य ९०० ठेवलं. ते पूर्ण झालं की बँड थरथरतो आणि ती वॉकर धरून जागीच थांबते, वाकून मोज्याकडे बघते. गेल्या आठवड्यात तिनं माझ्याकडून ते १,२०० करून घेतलं.