फडात दिसणारी मुलं शाळेत का नसतात?

तुम्ही विचारलंय, "आमच्या सांगलीकडच्या शिवारात दरवर्षी बीडची टोळी ऊस तोडायला येते. शाळा फुकट, दुपारचं जेवण फुकट, वर कायदा. तरी त्यांची मुलं दिवसभर फडात असतात. या लोकांना शिक्षणाची किंमत नाही का?"

किंमत आहे. तुमच्याकडच्या टोळ्या जिथून निघतात, त्या बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी २७ वर्षं शिकवलं. दिवाळीच्या पुढेमागे गावातून ट्रॅक्टर निघायचे. ट्रॉलीत पीठ, सरपण, भांडी, कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर मुलं. मी रस्त्याच्या कडेला उभा असलो की माझ्या वर्गातली मुलं मान फिरवून घ्यायची. शाळेचा कंटाळा असलेलं पोर अशी मान फिरवत नाही.

तुम्हाला फडात दिसतो तो नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हंगामाआधीच टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून त्यांनी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. ती कधी आजारपणात गेलेली असते, कधी लग्नात, कधी कोरडवाहू शेतीत. आता ती फेडायची म्हणजे टनावर तोडून फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर २७३ रुपयांवरून ३६६ वर गेला. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो, म्हणजे दोघांच्या पहाटेपासूनच्या राबण्याचे साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये. खाडा पडला तर तोही अंगावर येतो. गाडी रात्री बाराला लागली तर रात्री बाराला मोळ्या भराव्या लागतात. अशा घरात तान्ह्याला कोण सांभाळणार? पाणी कोण आणणार, भाकरी कोण थापणार? घरातली मोठी मुलगी. ती मोठी म्हणजे बहुतेकदा ९-१० वर्षांची.

चौथीतल्या एका मुलीच्या आईला मी एकदा थांबवलं होतं. म्हटलं, हिला तरी ठेवा, हुशार आहे. ती म्हणाली, "गुर्जी, म्हातारी होती तवर ठिवलीच की. आता हिला कुणाच्या जिवावर ठिवू?" तिच्या या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. गुढीपाडव्याच्या सुमारास मुलगी परत आली तेव्हा भागाकार पार विसरलेली होती. पुढच्या वर्षी ती पाचवीच्या पटावर होती, वर्गात नव्हती.

आता कायद्याचं. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याआधी कारखान्यांच्या आवारात, मजुरांच्या कोप्यांजवळ म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांजवळ, साखरशाळा चालायच्या. कायदा आल्यावर धोरण असं ठरलं की वेगळी तात्पुरती शाळा कशाला, या मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेतच घ्यावं. तेव्हा मलाही ते पटलं होतं. बाकीच्या मुलांबरोबर त्याच बाकावर बसायला मिळणार, याहून चांगलं काय? निघताना आम्ही मुलांच्या हाती शिक्षण हमी पत्रक द्यायचो, म्हणजे तिकडच्या शाळेला कळावं हे मूल कितवीतलं. पण कोप्या गावकुसाबाहेर, शाळा दोन-तीन किलोमीटरवर, मधे उसाच्या ट्रॉल्यांचा रस्ता, आणि आई-बाप पहाटे तीनलाच फडात गेलेले. पोहोचवणार कोण? तोडीचा गाव बदलला की शाळा पुन्हा नवी. टोळी सीमेपलीकडे कर्नाटकात गेली तर जवळची शाळा कधी कधी कन्नड. पत्रक पेटीतच राहायचं.

दंड का करत नाही, असंही काहीजण विचारतात. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला होता, हे खरं. पण त्या सक्तीबरोबर गावोगाव शाळा काढायची जबाबदारी त्यांनी संस्थानावर घेतली होती. इथे मूल सहा महिने ज्या जागी असतं तिथवर शाळा पोहोचलेलीच नाही. दंड कुणाला करायचा?

माझ्या डोळ्यांदेखत एकच गोष्ट चालली, ती म्हणजे हंगामी वसतिगृह. आई-बाप जातात, मूल गावात आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे झोपतं, आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत मिळतं. म्हातारीच्या डोक्यावरचा एका ताटाचा भार उतरला की ती नातवंडाला ठेवून घेते, इतकं ते साधं आहे. पण हे गाड्या निघायच्या आधी सुरू व्हायला हवं. एका वर्षी आमच्या गावच्या वसतिगृहाची मंजुरी डिसेंबरात आली. स्वयंपाकिणी तयार होत्या, धान्य आलं होतं, आणि मुलं चारशे किलोमीटरवर. त्या वर्षाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. २०२१ मध्ये सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने मुलांची आणि मुलींची स्वतंत्र शासकीय वसतिगृहं जाहीर केली. मुलींसाठी ती फार गरजेची आहेत. आठवीनंतर शाळा दुसऱ्या गावात असते, मुलीला एकटं ठेवायला आई-बाप घाबरतात, आणि लग्न लावून दिलं की नवा कोयता तयार होतो, नवी उचल मिळते.

जगात शाळेबाहेर असलेल्या मुलांचा आणि तरुणांचा आकडा युनेस्कोने २०२४ मध्ये २५ कोटींच्या वर सांगितला. त्या आकड्यातली काही मुलं या घडीला तुमच्या बांधावर वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत असतील.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. टोळी उतरली की पहिल्याच आठवड्यात कोप्यांवर जा, मुलांची नावं आणि इयत्ता लिहून घ्या आणि गावच्या मुख्याध्यापकांकडे न्या. दाखला नाही म्हणून किंवा वर्ष अर्धं सरलं म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं, हे कायद्यातच आहे. ने-आण कोण करील, ते गावात बसून ठरवा. ग्रामपंचायतीने एखादी रिक्षा लावली तरी पुष्कळ झालं. आणि तान्ही भावंडं अंगणवाडीत घेतील का, हे आधी विचारा. ते जमलं तरच मोठी मुलगी मोकळी होईल.