भारत-बांगलादेश मालव्यापाराचे स्वरूप अलीकडे कसे बदलले आहे?

दक्षिण आशियात बांगलादेश हा भारताचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार आहे. आपल्याकडून कापूस, सूत, धान्य, कांदा आणि यंत्रसामग्री तिकडे जाते व तिकडून प्रामुख्याने तयार कपडे येतात. २०११ मध्ये भारताने दारू-तंबाखू वगळता बांगलादेशच्या जवळपास सर्व मालावरील आयातशुल्क काढले, तेव्हापासून कपड्यांची ही आवक वाढत गेली.

माझ्या मते खरा बदल वस्तूंपेक्षा मार्गांमध्ये झाला आहे. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने भूमार्गाने येणाऱ्या भारतीय सुताला मनाई केली आणि मे महिन्यात भारताने तिथले तयार कपडे केवळ न्हावा शेवा व कोलकाता या बंदरांतूनच आणण्याचे बंधन घातले. पेट्रापोल-बेनापोल या सीमानाक्यावरून ट्रकने थेट येणारा शर्टांचा गठ्ठा आता चितगावला कंटेनरमध्ये भरून जहाजाने आणावा लागतो. त्यात दिवस वाढतात आणि भाडेही.

आपल्या शेतकऱ्याला अशा निर्बंधांची झळ आधीपासूनच बसते आहे, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. २०१९, २०२० आणि २०२३ मध्ये भारताने कांद्याची निर्यात अचानक थांबवल्यामुळे तिथल्या आयातदारांना दुसरीकडे वळावे लागले, तर बांगलादेशाने संत्र्यावरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने वाढवल्याने वरुड-मोर्शीच्या बागायतदारांची हक्काची बाजारपेठ आक्रसली. एकदा तुटलेला ग्राहक बंदी उठताच परत येतो, असे होत नाही.